शेवंताच्या जखमेतला कापूस

डॉक्टरांनी शेवंताच्या पायाची पट्टी सोडली तशी नर्सबाईंनी खिडकी उघडली. त्या वासाची मला आदल्या दिवसापासून सवय झाली होती. मेथीच्या जुड्या ओल्या पोत्यात विसरल्या की तिसऱ्या दिवशी येतो तसा, गोडसर आणि कुजका. डॉक्टरांनी गुडघ्याखाली बोटांनी दाबलं आणि मला म्हणाले, "बाई, इथे हात ठेवा." मी ठेवला. माझ्या सहा वर्षांच्या लेकीच्या कातडीखाली काहीतरी चुरचुरलं. मी हात झटकन मागे घेतला.

"गॅस गँग्रीन," ते म्हणाले. मला काही कळलं नाही हे त्यांना दिसलं असावं, कारण मग त्यांनी सावकाश सांगितलं. मातीत आणि शेणात एक जातीचे जंतू असतात. ते खोल जखमेत, जिथे हवा पोचत नाही तिथे वाढतात, मांस सडवतात, आणि त्या सडण्यात वायू तयार होतो. कातडीखाली चुरचुरतो तो हाच. तो वर चढत जातो, आणि मांडीच्या वर गेला की डॉक्टरांच्या हातात काही राहत नाही.

मग त्यांनी चिमटा आत घातला. शेवंता ओरडली नाही, ती तापात होती. हाडाच्या मागून त्यांनी एक काळा बोळा ओढून काढला, मग दुसरा. तसराळ्यात टाकून ते चिमट्याने उलगडू लागले. त्यात सरकी होती. वाळल्या पानाचा चुरा होता. एक गवताची काडी होती.

"हा कापूस कोणी भरला?"

शेवंताचे बाबा पायथ्याशी उभे होते. अपघाताच्या वेळी ते भाजी घेऊन अकोल्याच्या बाजारात होते, त्यामुळे त्यांनी डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "रस्त्यावरच्या बायायनं भरला असंन, साहेब."

मी गप्प राहिले.

ज्यांची मुलं रस्त्यावरून शाळेत जातात, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी चौथी शिकले आहे आणि शुद्धलेखन आमच्या गावच्या गुरुजींनी तपासून दिलं आहे. मजकुराला त्यांनी हात लावलेला नाही. लावू का, असं विचारलं होतं. मी नको म्हणाले.

आमचा मळा अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सणासुदीला झेंडू-शेवंती. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण असं गाव रस्त्यावर एकच आहे असं कुणाला वाटायला नको. रस्त्याच्या या बाजूला आमची वस्ती आणि त्या बाजूला शाळा. शाळेच्या पुढे, हाकेच्या अंतरावर, कापसाचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना. दिवाळी झाली की सकाळपासून कापसाच्या बंड्यांची, बैलगाड्यांची, रांग लागते. बंड्या काठोकाठ भरलेल्या. चाक खड्ड्यात गेलं की कापूस सांडतो आणि रस्त्याच्या कडेने पांढरी रेघ पडते.

सांडलेला कापूस पायदळी जाऊ द्यायचा नाही, ती लक्ष्मी, असं आमच्याकडे सगळेच मानतात. लहानपणी मीही वेचला आहे. त्यातून तो कार्तिक महिना. तुळशीपुढे रोज दिवा लावायचा, वाती वळायच्या, आणि घरचा कापूस आम्हा माळ्यांकडे कुठला? शाळा सुटली की पोरी परकराचा ओचा खोचून रस्त्यावर उतरायच्या. कोणाचा ओचा जास्त भरतो याची त्यांची शर्यत लागायची आणि आम्ही बाया बांधावर उभ्या राहून कौतुक करायचो. अपघाताच्या आदल्या दिवशी शेवंताचा ओचा अर्धाच भरला होता. सकाळी तिची वेणी घालताना मी तिला म्हणाले होते, "गंगाबाईची पोट्टी पाह्य किती आनते. तू नुसती खेळत राह्यतं."

संध्याकाळी मी मेथी उपटत होते. भोंगा ऐकला, मग बैल उधळल्याचा आवाज, मग बायांचा. सर्व्हिस मोटार बंड्यांच्या रांगेला बाजूला टाकून पुढे निघाली होती, कारण मागून दुसरी मोटार येत होती आणि पुढच्या गावचे उतारू आधी कोण उचलणार याची त्यांचीही शर्यत होती. शेवंता दोन बंड्यांच्या मधून वाकून बाहेर आली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला असं सगळेच सांगतात. मीही आता ते मानते. तेव्हा मी त्याला दगड मारला होता.

तिच्या नडगीचं हाड बाहेर आलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. तिचा ओचा तसाच खोचलेला होता. त्या दिवशी तो चांगला भरला होता. मी त्यातला कापूस मुठीने काढला आणि जखमेत कोंबला. लाल झाला की आणखी कोंबला. लुगड्याची पट्टी फाडून वरून करकचून बांधली. रक्त थांबलं. गंगाबाई, आमची शेजारीण, शेवंताचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बरं सुचलं वं तुले." आमच्याकडे विळा लागला, काटा रुतला, तर कापूसच भरतात. त्यात मला वेगळं काही सुचलं नव्हतं. ज्या कापसावरून दिवसभर बैल गेले, त्यांचं शेण ज्याच्यात कालवलं, तो कापूस आहे, एवढंच सुचायला हवं होतं.

ड्रायव्हरने उतारूंना खाली उतरवलं आणि आम्हाला थेट अकोल्याला नेलं. तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर पट्टी सोडून कापूस काढू लागला, तसं पुन्हा रक्त आलं. मी त्याचा हात धरला. "काढू नका! मोठ्या मुश्किलीनं थांबलं." शेवंता किंचाळत होती, मी किंचाळत होते. त्याने वरवरचा काढला, आयोडीन ओतलं आणि सोडून दिलं. डॉक्टर आले तेव्हा जखम वरून स्वच्छ दिसत होती. त्यांनी कंपाउंड फ्रॅक्चर सांगितलं, म्हणजे हाड मोडून कातडी फाडून बाहेर येणं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पायाला फळी बांधली. "हाड जुळेल," म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले. आत काय राहिलं आहे ते मला ठाऊक होतं आणि ते चांगलंच आहे असं मी समजत होते.

दुसऱ्या दिवशी पाय सुजला. तिसऱ्या दिवशी बोटं निळी पडली, ताप चढला, वास सुरू झाला. डॉक्टरांनी पाहिलं आणि अमरावतीला न्यायला सांगितलं. आगगाडीत एक बाक आम्हाला पूर्ण मिळाला, कारण वासाने लोक उठून गेले. बडनेऱ्याला गाडी बदलताना बाबांनी तिला खांद्यावर घेतलं होतं आणि ती तेवढ्या तापातही मला विचारत होती, "माय, माह्यावाला कापूस कोनं घेतला?"

तर अमरावतीच्या त्या वॉर्डात, तसराळ्यातल्या कापसासमोर, डॉक्टर शेवंताच्या बाबांना म्हणाले, "पाय वाचवायचा प्रश्न आता राहिला नाही. मुलगी वाचवायची का, तेवढं सांगा. गुडघ्याच्या वरून कापावा लागेल. दुपारपर्यंत सही हवी."

याला ॲम्प्युटेशन म्हणतात, अवयव कापून वेगळा करणं. शब्द इंग्रजीत बरा वाटतो.

बाबा सही न करता बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले. मी मागे गेले. ते म्हणाले, "लंगड्या पोरीचं काय होईन पुढं? कोन करंन इले?" मला त्यांचा राग आला, पण आता लिहिताना कळतं की माझा राग त्यांच्यावर नव्हताच. मी म्हणाले, "मेलेल्या पोरीलेबी कोनी करत नाई. चाला आत." ते उठले. सही करताना त्यांनी आपलं नाव चुकवलं आणि पुन्हा लिहिलं.

क्लोरोफॉर्म देऊन ऑपरेशन झालं. मी बाकावर बसले होते. इतर बाया देवाचं नाव घ्या म्हणत होत्या. मला देवाला तोंड दाखवायचं नव्हतं. तिला बाहेर आणलं तेव्हा चादरीची एक बाजू सपाट होती. मी तिकडे पाहिलं नाही, तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

जखम उघडीच ठेवली होती. ती शिवली की जंतूंना पुन्हा बंद घर मिळतं, असं डॉक्टरांनी समजावलं. दर दोन तासांनी रबरी नळीने औषधाचं पाणी आत सोडायचं. पहिले चार दिवस ताप वर-खाली झाला. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "वर चढलेला नाही." एवढंच. तेवढ्यावर मी पोटभर जेवले आणि मग जेवल्याची लाज वाटली.

आठव्या दिवशी शेवंता म्हणाली, "माय, पायाची बोटं खाजून दे न." मी डावा पाय खाजवला. "तो नाई. तो दुसरा." मी नर्सबाईंकडे पाहिलं. याला फँटम पेन म्हणतात, नसलेल्या अवयवाची वेदना. पाय जातो, पण त्याच्या शिरा डोक्यापर्यंत गेलेल्या असतात, त्या खोट्या वर्दी देत राहतात. तुमच्यावर ही वेळ आली तर मुलाला वेड लागलं असं समजू नका आणि "पाय कुठी हाये तुले" असं म्हणू नका. मी म्हणाले होते. नर्सबाईंनी मला बाजूला नेऊन झापलं. मग त्यांनी स्वतः चादरीवर, रिकाम्या जागी, हळूहळू बोटं फिरवली. शेवंता झोपली. त्या बाईंचे उपकार मी फेडू शकत नाही.

शेजारच्या खाटेवर नांदगाव खंडेश्वरकडच्या एका बाईचा सात वर्षांचा मुलगा होता. पोरं बंडीच्या मागच्या दांडीला लोंबकळतात, तसा तो लोंबकळला होता. बैल बिचकले, हात सुटला, आणि मागच्या बंडीचं चाक पोटावरून गेलं. त्याच्या अंगावर कुठे रक्त नव्हतं, म्हणून त्याची माय मला म्हणायची, "तुह्या लेकीपेक्षा माह्यं बरं हाये व माय." तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची खाट रिकामी झाली. ती बाई रडत नव्हती. ताट-वाटी गोळा करत होती आणि वाटी सापडेना म्हणून साऱ्या वॉर्डाला विचारत होती.

त्या दिवशी डॉक्टर माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "दरवर्षी हेच. कापूस जिनात जातो आणि मुलं इथे येतात. मी पाय कापू शकतो, बाई. रस्ता मला दुरुस्त करता येत नाही. तुमच्या गावात कमिटी आहे, शाळा आहे, पोलीस आहेत. त्यांना कोणी विचारलंय?" मी म्हणाले, आम्हाला कोण विचारतं? ते म्हणाले, "मी चिठ्ठी देतो. तुम्ही विचारा." चिठ्ठीत त्यांनी जखमेत काय सापडलं तेही लिहिलं होतं. इंग्रजीत होतं, म्हणून मला धीर आला.

दीड महिन्याने आम्ही घरी आलो. सुताराने कुबडी केली, तिची उंची दोनदा चुकली.

मग मी कचेऱ्या हिंडले. एका कचेरीत म्हणाले, रस्ता आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, रस्ता आमचा आहे पण रहदारी आमची नाही. तिसऱ्या ठिकाणी विचारलं, मूल रस्त्यात काय करत होतं? मी म्हणाले, शाळेतून येत होतं. ते खोटं नव्हतं. पण मी ते किती सफाईने बोलू लागले होते, हे माझं मला ऐकू येत होतं. वस्तीवरही हेच चाललं होतं. मोटारवाल्याने पोरीचा पाय नेला, मेला सैतान. त्याच्यावर केस झाली, शिक्षा झाली. गंगाबाईने कधी तोंड उघडलं नाही. मला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प होती, आणि माझ्या गप्प बसण्याला तिचं गप्प बसणं बरं पडत होतं.

पुढचा हंगाम तोंडावर आला तेव्हा गुरुजींनी शाळेत सभा बोलावली. कमिटीचे एक मेंबर आले, ठाण्याचे जमादार आले, जिनाचे मॅनेजर आले आणि आईबाप आले. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेवंता पहिल्या बाकावर, कुबडी आडवी ठेवून. सगळे मोटारवाल्यांवर तुटून पडले. जमादार म्हणाले, "एकेकाले सरळ करतो." मॅनेजर म्हणाले, बंडी आमच्या फाटकाच्या आत आल्यावर आमची जबाबदारी. एक आजोबा म्हणाले, "मोटर आली तवापासून सत्यानाश झाला." सगळ्यांनी माना हलवल्या. सैतान सापडला होता, आता कुणाला काही करायचं उरलं नव्हतं. आणि बाहेर, दाराच्या चौकटीतून, मला रस्त्यावर गंगाबाईची धाकटी दिसत होती. हंगामाची पहिलीच बंडी गेली होती. ती ओचा खोचून वाकली होती.

मी उभी राहिले. पुरुषांच्या सभेत मी आधी कधी बोलले नव्हते.

"मोटरवाल्यानं पोट्टी उडवली, हे खरं हाये," मी म्हणाले. "पन ते रस्त्याच्या मधात कायले होती? मी धाडली होती. वातीले कापूस आन म्हनून मी सांगतलं होतं, कमी आनला म्हनून बोलली होती. अन् जखमीत कापूस कोंबला तो रस्त्यावरच्या बायायनं नाई. मी कोंबला. कंपाउंडर काढत होता त मी त्याचा हात धरला. पाय त्या कापसानं गेला. मोटरवाल्याले शिक्षा झाली. मले कोनं केली? घरी जाऊन पाहा, तुमच्या तुळशीपाशी वाती कोन्या कापसाच्या हायेत त."

शेवंताचे बाबा उठून बाहेर गेले. गंगाबाई त्यांच्या मागोमाग धावली, रस्त्यावर, आणि पोरीला दंडाला धरून घेऊन आली.

त्यानंतर जे झालं ते सांगते, कारण तुमच्या गावात उपयोगी पडेल. मॅनेजरांनी नियम केला की बंडीवर चवाळं, म्हणजे जाड गोणपाट, बांधलेलं नसेल तर फाटकातून आत घेणार नाही. कापूस सांडणं बरंच कमी झालं. शाळा भरताना आणि सुटताना बंड्या शाळेच्या अलीकडेच थांबतात, तेवढा वेळ जमादाराचा एक शिपाई उभा असतो. नसतो तेव्हा गुरुजी असतात. मुलं एका रांगेत ओलांडतात, आणि रोज दोन आया त्यांच्याबरोबर जातात. पाळी लावली आहे. काही आया येत नाहीत, मी त्यांच्या दारात जाऊन भांडते. कमिटीने पाटी लावली आहे, ती ड्रायव्हरला दिसेल अशी नाही, पण आहे. वाती आम्ही आता धुतल्या लुगड्याच्या चिंधीच्या करतो. तुळशीने अजून तक्रार केलेली नाही. आणि जखम झाली तर आत काही भरू नका. उकळलेल्या पाण्यातून काढलेलं स्वच्छ फडकं वरून दाबून धरा आणि दवाखाना गाठा. डॉक्टर काही काढत असतील तर त्यांचा हात धरू नका.

मागच्या हंगामात आमच्या रस्त्यावर एकही मूल दगावलं नाही. पुढच्याचं मला माहीत नाही.

शेवंताचे बाबा दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलले. मग एकदा वांग्याला पाणी देताना म्हणाले, "मले तवाच सांगाचं होतं." मी हो म्हणाले.

सभेच्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. सगळे गेल्यावर मी आणि शेवंता शाळेतून निघालो. ती कुबडीवर माझ्या पुढे चालत होती. रस्त्याच्या कडेला येऊन ती थांबली आणि मागे वळून तिने मला विचारलं, "मंग माहा पाय कोनं नेला? मोटरनं का तुनं?"

सात वर्षांच्या पोरीला काय सांगायचं, हे कोणत्या डॉक्टरने मला शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "दोघायनं."

तिने मान हलवली, जणू हिशेब तिलाही पटला. मी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने तो पाहिला. मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कुबडी पुढे टाकली आणि एकटीच रस्ता ओलांडून गेली.